लोखंडाची साय

होर्लूला लोक वाटेल ते विचारत. तालुक्याच्या त्या एवढ्याशा गावात शाळा होती, दवाखाना होता, दोन दुकानं होती आणि गावाच्या कडेला तारेच्या कुंपणात तिचं हवामान केंद्र होतं. केंद्र म्हणजे चार पायांवर उभी केलेली पांढरी झडपांची पेटी, तिच्यात तापमापक, शेजारी वाऱ्याचा वेग सांगणारा पंखा आणि बर्फात रोवलेल्या तीन मोजपट्ट्या. अठ्ठावीस वर्षं ती त्या पेटीचं दार उघडून आकडे टिपत आली होती, आणि तिची पाळी नसली की तिचा मदतनीस चिमिद टिपायचा. एवढ्याशा भांडवलावर गावानं तिला सर्वज्ञ ठरवून टाकलं होतं. कडाका वाढला की पायाखालचा बर्फ जास्त का करकरतो? चंद्राला खळं का पडतं? थंडीला वजन असतं का? एका म्हाताऱ्यानं तर पाऊस नेहमी पलीकडच्या तालुक्यातच पडतो, त्यासाठी तुमच्या कार्यालयात कोणाची ओळख लागते, असं सरळच विचारलं होतं.

ती सगळ्यांना उत्तरं द्यायची. थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळते आणि दरीच्या तळाशी साचते, म्हणून तर तुमचे आजे-पणजे हिवाळ्याचा तळ डोंगराच्या मध्यावर टाकत आले, असं ती समजावून सांगे. ऐकणारा मान डोलवी आणि म्हणे, हे तर आम्हाला ठाऊकच होतं, तुझी पेटी काय म्हणते ते बघत होतो.

एक प्रश्न मात्र तिला कधी कोणी विचारला नाही. झुद येणार का, हा. झुद म्हणजे कळपच्या कळप गिळणारा हिवाळा. हा शब्द तिथं कोणी उच्चारत नाही. लांडग्याला जसं ती माणसं रानातला कुत्रा म्हणतात, तसं होऊन गेलेल्या झुदला 'ते वर्ष' म्हणतात, आणि येणाऱ्याला काहीच म्हणत नाहीत. पुढचं वाईट तोंडातून काढलं की ते वाट विचारत घरी येतं, असं प्रत्येकाला आईच्या मांडीवर शिकवलेलं असतं. होर्लू शहरात जाऊन हवेचा दाब शिकून आली होती, पण मांडी तिलाही तीच मिळाली होती. त्यामुळे आभाळात कितीही भयंकर शिजत असलं तरी केंद्रातून फोनवर जायचं ते एवढंच: जनावरांना अंमळ जड जाईल असं दिसतं, काळजी घ्यावी.

सोळा वर्षांपूर्वी तिनं थोरल्या भावाला, दमदिनला, असंच सांगितलं होतं. आकडे तिच्यासमोर स्वच्छ होते. ती घोड्यावर बसून त्याच्याकडे गेली, चहा प्यायली, आणि निघताना म्हणाली, दादा, या दिवसांत जनावरांकडे जरा मायेनं बघ. तो हसला आणि म्हणाला, एरवी काय सावत्रपणानं बघतो? त्या हिवाळ्यात त्याच्या चारशे जनावरांतल्या अकरा शेळ्या उरल्या. दोन वर्षं तो शहरात लोकांचा कोळसा वाहत होता. त्या अकरा शेळ्यांवर त्यानं पुन्हा कळप उभा केला आणि बहिणीला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं होर्लूला कितीदा तरी वाटलं.

यंदा पौषातच गुडघाभर बर्फ पडला होता. पण तो मऊ होता. पुढं घोडे टाचेनं उकरत, मागून मेंढ्या येऊन उघडं पडलेलं गवत खात, आणि दिवस निघत होते. त्या माणसांचा हिवाळा नऊ-नऊ दिवसांच्या नऊ नवकांत मोजला जातो. पहिल्या नवकात दुधाची दारू गोठते, तिसऱ्यात बैलाची शिंगं तडकतात, पाचव्यात शिजवलेला भात बाहेर ठेवला तरी गोठत नाही, सहाव्यात बर्फाखालून वाट दिसू लागते. चंद्राचं नवं वर्ष लागलं तेव्हा पाचवं नवक संपायला चार दिवस होते. आणि त्या दिवशी दुपारी तापमापकानं शून्याच्या वर दोन अंश दाखवले.

गाव खूश झालं. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं, बायका डोक्यावरची लोकरी टोपडी काढून उंबऱ्यात बसल्या, गावाबाहेरच्या वाटेवर खरोखरच काळा पट्टा दिसू लागला. नव्या वर्षानं सहावं नवक बगलेत मारून आणलं, असं जो तो म्हणायला लागला. होर्लूनं दाबमापकाकडे पाहिलं. काटा दोन दिवस सरळ खाली चालला होता. प्रांताच्या केंद्रातून आलेल्या नकाशात उबेच्या मागोमाग उत्तरेकडून थंडीची एक जाड फळी सरकत येत होती. चौथ्या दिवशी ओला बर्फ, पाचव्या दिवशी कडाका. तिनं तीनदा हिशेब केला आणि तिन्ही वेळा तो तसाच आला.

चिमिदनं वस्त्यांच्या प्रमुखांना फोन लावून नेहमीचं वाचून दाखवलं: तापमान उतरेल, जनावरांना अंमळ जड जाईल. प्रत्येक जण, बरं बरं, तुमचं वर्ष सुखाचं जावो, म्हणाला. होर्लू शेजारीच बसली होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांना भेटायला जायची रीत. शाळेची जीप त्याच बाजूला चालली होती. जीपवाल्यानं तिला दमदिनच्या दाराशी उतरवलं आणि तो पुढं बुतेदच्या घरी गेला. बुतेद दमदिनची शेजारीण. तिचं गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचं गोल तंबूघर, तिथून हाकेच्या नाही, पण धूर दिसेल इतक्या अंतरावर होतं. परतताना होर्लूनं तिकडे चालत यायचं ठरलं.

दमदिनच्या गेरच्या नमद्यावरून पाणी निथळत होतं. आत पगमावहिनीनं लांबट तळलेल्या भाकऱ्यांची उतरंड रचली होती, वर खडीसाखर आणि वाळवलेल्या चक्क्याचे तुकडे, शेजारी चरबीच्या शेपटासकट अख्खी मेंढीची पाठ. होर्लूनं निळं रेशमी वस्त्र हातांवर घेऊन भावाच्या कोपरांना खालून आधार दिला, त्यानं वाकून तिच्या दोन्ही गालांचा वास घेतला. मग तिनं रीतीप्रमाणे विचारलं: शिंगरं मानेला भरलेली, वासरं मांडीला भरलेली, कळप सुखानं हिवाळा काढतोय ना? या प्रश्नाला एकच उत्तर असतं. दमदिननं ते दिलं, छान काढतोय.

तपकिरीची बाटली इकडून तिकडे झाली. गोवऱ्यांचा जाळ चांगला लागला होता. दमदिन मजेत होता. तुझ्या पेटीत वसंत शिरला म्हणे, असं म्हणून त्यानं बहिणीला चिडवलं, आणि पगमानं खारट दुधाचा चहा ओतायला पळी उचलली.

"दादा, झुद येणार आहे," होर्लू म्हणाली.

पळी हवेतच राहिली. पगमानं ती हळूच खाली ठेवली, दुधात करंगळीजवळचं बोट बुडवलं आणि डोळे मिटून तीनदा चुलीकडे शिंपडलं. तिचे ओठ हलत होते.

"चहा घे," दमदिन म्हणाला.

"लोखंडी झुद. परवा संध्याकाळी ओला बर्फ पडेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडी. उणे पस्तीस, कदाचित खाली."

"होर्लू, आज वर्षाचा दुसरा दिवस आहे."

"ठाऊक आहे मला."

"आणि माझ्या चुलीसमोर बसून तू हे बोलतेस?"

"हो. मागच्या खेपेला बोलले नाही."

दमदिननं मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची तिची छाती होईना, म्हणून ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. शेवटी त्यानं विचारलं ते भांडणाच्या सुरात नव्हतं. गावातला कोणीही येऊन विचारे, तसं त्यानं विचारलं.

"थंडीनं मेलेली जनावरं उभ्या जन्मात पाहिली. उबेनं कशी मरतात?"

"ऊब मारत नाही. ऊब बर्फाला भिजवते. वरून ओलं पडलं की अजून भिजेल. आणि मग एका रात्रीत गोठेल. दुधावर साय धरते ना वहिनी, तशी सगळ्या डोंगरावर लोखंडाची साय धरेल. चार बोटं जाड. घोड्याच्या टापेनं फुटायची नाही. खाली गवत दिसेल, पण तोंड पोचणार नाही."

"गप्प बस, बाई," पगमा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

होर्लू गप्प बसली नाही. खिंडीपलीकडच्या तालुक्यातल्या केंद्रावरची बाई तिची जुनी ओळखीची होती. तिकडे वाऱ्यानं बर्फ झाडून नेला होता, मोजपट्टीवर जेमतेम बोटभर होता, तो भिजून गोठला तरी जनावर तोंडानं फोडील. दोन दिवसांची चाल. उद्या उजाडताच निघालं तर खिंड गोठायच्या आत पार होईल. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग चहा घेतला. तो गार झाला होता.

वर्षाच्या तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवायचं, म्हणजे लोक वेड्यात काढणार. दमदिननं हे बोलून दाखवलं नाही. तो उठला, बाहेर जाऊन उभा राहिला, बुटाच्या टाचेनं बर्फ दाबून पाहिला. टाच घोट्यापर्यंत आत गेली आणि खड्ड्यात पाणी भरलं. तो त्या पाण्याकडे बघत असतानाच होर्लूनं त्याचा निरोप घेतला. जाऊ का, या शब्दांपलीकडे त्यांच्यात काही बोलणं झालं नाही.

बुतेदच्या धुराकडे ती चालत निघाली. एवढी हलकी आणि एवढी घाबरलेली ती कधीच नव्हती. भावाच्या घरात ती अभद्र बोलून आली होती. आता जे होईल ते तिच्या जिभेमुळे झालं असं पगमा मरेपर्यंत म्हणणार होती, आणि तसं नाहीच, हे छातीठोकपणे होर्लूलाही म्हणता येत नव्हतं. चालता चालता ती स्वतःला सांगत होती की बुतेदकडेही बोलायचं. शब्दसुद्धा तेच वापरायचे.

बुतेदच्या घरात अकरा दिवसांचं बाळ होतं. तिच्या मुलीचं पहिलंच. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून या पोराचं नाव एनेबिश ठेवलं होतं. एनेबिश म्हणजे 'हा नव्हे'. वाईट शोधत आलं तर त्यानं नाव ऐकून दुसरीकडे जावं. पोराच्या नाकावर काजळीचा ठिपका होता आणि ते मेंढीच्या कातड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला झोपलं होतं. बुतेदनं होर्लूचे हात धरून तिला मानाच्या जागी बसवलं. जीपवाला मांस खात होता. सगळेजण बाळ जागं होऊ नये म्हणून हळू बोलत होते.

"ताई, तूच सांग," बुतेद म्हणाली, "ही ऊब टिकेल ना? पोराला उन्हात कधी काढता येईल?"

होर्लूनं तोंड उघडलं. बाळानं झोपेत ओठ चोखले.

"थोडी थंडी परतेल," ती म्हणाली. "जनावरांना अंमळ जड जाईल. जपून राहा."

"राहतो की," बुतेद म्हणाली आणि तिच्या वाटीत खडीसाखर टाकली.

दमदिन उजाडताना निघाला. वाटेत बुतेदच्या जावयानं हटकलं तेव्हा तो म्हणाला, घोडे खिंडीकडे गेलेत, त्यांच्या मागं चाललोय. बिऱ्हाड उंटावर लादून घोड्यांच्या मागं जाणारा माणूस पाहून जावई पोट धरून हसला, आणि आठवडाभर ही गोष्ट त्या भागात फोनवरून फिरत राहिली. खरं कारण दमदिनच्याही तोंडून निघालं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओला बर्फ पडला. पाचव्या दिवशी सकाळी होर्लूनं पेटी उघडली तेव्हा उणे एकतीस होतं, सहाव्या दिवशी उणे अडतीस. कुंपणापासून मोजपट्टीपर्यंत ती गेली तेव्हा तिच्या वजनाखाली बर्फ मोडला नाही. तिनं लोखंडी पहार घेऊन घाव घातला. तिसऱ्या घावाला एक टवका निघाला. तो तिनं हातात धरून पाहिला, काचेसारखा स्वच्छ होता, आणि खाली पिवळं गवत जसंच्या तसं उभं होतं.

त्यानंतरचे दोन महिने त्या तालुक्यातल्या कोणालाही सांगायला आवडणार नाहीत. मेंढ्या उतारावरून घसरून खाली एकमेकींवर पडत आणि उठत नसत. घोड्यांच्या पायांची कातडी सायीच्या धारेनं कापून निघे, त्यांच्या मागं लाल माग उमटे. साठवलेलं गवत तीन आठवड्यांत संपलं. माणसांनी जनावरांना घरात घेतलं, पीठ चारलं, गादीतली लोकर उपसून चारली. होर्लूचा फोन वाजेनासा झाला. बर्फ का करकरतो, चंद्राला खळं का पडतं, कोणी काही विचारत नव्हतं. ती दर तीन तासांनी आकडे टिपत होती आणि ते टिपताना तिला स्वतःची शिसारी येत होती.

वसंतात दमदिन परतला. खिंडीत त्याची थोडी जनावरं गेली होती, बाकीचा कळप हाडकुळा, पण चार पायांवर उभा होता. तो केंद्रावर आला आणि कुंपणाशी उभा राहिला. मग म्हणाला, "तुझ्या जिभेनंच आणलं आणि तुझ्या जिभेनंच वाचवलं, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. मी तिला म्हटलं, निम्मं तरी खरं आहे." मग त्यानं तिचं डोकं जवळ ओढलं आणि कपाळाचा वास घेतला. होर्लू लहान पोरीसारखी रडली. सोळा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं, आणि त्या आनंदात ती दोन दिवस होती.

तिसऱ्या दिवशी ती पिठाचं पोतं घेऊन बुतेदकडे गेली.

बुतेदच्या गेरच्या पाठीमागं मेलेल्या मेंढ्या सरपणासारख्या रचल्या होत्या. बुतेद कातडी सोलत बसली होती. तिचे हात दंडापर्यंत काळे झाले होते. जावई आणि मुलगी काम शोधायला शहरात गेले होते, अंगावरचं पोर घेऊन. गोठ्यात एक गाय उभी होती, तिच्या पाठीवर जुनी गोधडी बांधलेली. बुतेदनं पोत्याकडे पाहिलं, चाकू कातड्याला पुसला आणि होर्लूला आत नेलं.

"पगमा आली होती परवा," चुलीत गोवरी सारत ती म्हणाली. "सगळं सांगितलं तिनं."

होर्लूनं पोतं दाराशी टेकवून ठेवलं.

"दादाच्या घरात तू शब्द उच्चारलास. मग माझ्याकडे चालत आलीस. तो शब्द वाटेत कुठं टाकलास, ताई?"

"तुझ्याकडे बाळ होतं, बुतेद. त्याच्यासमोर कसं बोलणार?"

"अकरा दिवसांच्या पोराला काय कळणार होतं? मला कळलं असतं. जावयाला कळलं असतं. हसला नसता तो."

"फोन केला होता आम्ही सगळ्यांना."

"अंमळ जड जाईल," बुतेद म्हणाली. तिनं ते चिमिदच्या आवाजात म्हटलं, अगदी हुबेहूब. "दरवर्षी जातं."

"घाबरले मी."

"दादाकडे नाही घाबरलीस."

यावर होर्लूजवळ बरंच काही होतं. रीत होती, वर्षाचा दुसरा दिवस होता, पगमाचं रडणं होतं, एकाच दिवसात दोनदा तेवढं धैर्य माणसात कुठून येणार हेही होतं. ती हे सगळं वाटेत मनाशी घोकत आली होती. पण समोर बसलेल्या बाईचे काळे हात पाहून त्यातलं काहीच तिच्या ओठांवर येईना. जे आलं ते तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "तू माझी कोणी नाहीस."

बुतेद तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. पुष्कळ दिवस शोधत असलेलं जनावर मेलेलं का होईना पण सापडलं, म्हणजे माणूस बघतो तशी.

"हं," ती म्हणाली. "हे तरी धड बोललीस."

तिनं चुलीवरचं भांडं उतरवून वाटीत चहा ओतला. तो काळा होता.

"दूध नाही," बुतेद म्हणाली. "पी."

होर्लूनं दोन्ही हातांनी वाटी घेतली, पण ती तोंडाला लावायला तिला फार वेळ लागला.